गुरुजी, उभे राहा

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, कशावर लिहू? संपादकांना साथीचे रोग, अडलेली बाळंतपणं, सर्पदंश असं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, बिपीच्या गोळीवर लिहिते. मग ते सभ्यपणे म्हणाले, "बघा, जमेल तसं." त्यांचा आवाज पडलेला मला इकडे स्पष्ट ऐकू आला.

पण मी तरी काय करू? साप चावलेला माणूस एकदाच येतो. बिपीचा माणूस दर महिन्याला येतो, वर्षानुवर्षं येतो आणि येताना घरातलं सगळं सोबत घेऊन येतो. सुनेची तक्रार, जावयाची बदली, शेजाऱ्याचा बांध, सगळं बिपीच्या मशीनच्या पट्ट्यात हात घातल्यावर बाहेर पडतं. सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून मी जेवढी माणसं ओळखते, त्यातली निम्मी मला त्या पट्ट्यामुळे कळली.

मी मूळची दुसरबीडची. आमच्या बाजूचं बोलणं जालन्याकडं झुकलेलं. मोताळा तालुक्यात बदली झाली तेव्हा सुरुवातीला पेशंट माझ्या बोलण्याला हसायचे आणि मी त्यांच्या. पुण्याच्या माणसाला आम्ही दोघंही सारखेच गावंढळ वाटतो, हे नंतर कळलं. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी तिथल्याच एका गावात काढली. गावाचं नाव लिहीत नाही. रोहिणखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे एवढं पुरे. कारण ज्यांची ही गोष्ट आहे ते गुरुजी अजून दिवाळी अंक वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दाखवून अंक परत पाठवतात.

बाहेरच्यांना वाटतं, बिपी मोजणं म्हणजे काय, पट्टा गुंडाळला आणि आकडा वाचला. आमच्याकडे ती परीक्षा असते. लोक पेपरचे मार्क विचारावेत तसं "किती निघाला?" म्हणून विचारतात. एक आजोबा मोजणीच्या दिवशीच तेवढी गोळी घ्यायचे, बाकीचा महिना गोळ्या देवळीत. एक काका पट्टा आवळला की श्वास रोखून धरायचे आणि लाल होऊन मलाच विचारायचे की जास्त काऊन आला. एक आजी दोन्ही हातांचं मोजायला लावायची, कारण एका हाताचं मोजलं तर दुसरा हात फुकट गेल्यासारखं तिला वाटायचं. दोन्ही हातांचं मोजावं असं पुस्तकातही आहे, त्यामुळे मी कधी नाही म्हटलं नाही.

आणि गोळीचं म्हणाल तर ती जसं काम करते तशा खोड्याही करते. म्हातारपणी तर जास्तच. आमच्या गावात जोशीकाका पौरोहित्य करायचे. त्यांना कुठूनतरी एक गोळी सुरू झाली आणि काही दिवसांनी कोरडा खोकला लागला. ऐन लग्नसराईत. मंगलाष्टकं छान चालायची, आणि शेवटच्या "सावधान"च्या जागी खोकल्याची उबळ. लोक अक्षता मुठीत धरून ताटकळायचे. एका लग्नात तर मंडळींनी खोकल्यावरच अक्षता टाकून दिल्या आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. काकांना क्षयरोग झाला अशी कुजबुज सुरू झाली आणि लग्नांची आमंत्रणं आटायला लागली. थुंकी तपासली, काही निघालं नाही. ज्येष्ठमध झालं, काढे झाले. शेवटी आमच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला तो गेलाच. पुढच्या लग्नात काकांनी शेवटचं "सावधान" इतकं लांबवलं की नवरदेवाचा हार धरलेला हात दुखायला लागला.

सखूबाईंची खोडी वेगळी. त्यांच्या पायांना घोट्याशी सूज यायची आणि जोडवी रुतायची. गोळीनं सूज येते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या थेट खामगावला जाऊन सोनाराशी भांडून आल्या, की उजळायला दिलेली जोडवी तू लहान करून दिलीस म्हणून. त्यांचंही औषध बदललं आणि सोनारावरचा आळ गेला. सखूबाई मात्र त्याची माफी मागायला काही गेल्या नाहीत.

या खोड्या दिसतात, ऐकू येतात. तिसरी एक आहे ती माणूस बसलेला असताना कळतच नाही. गावातल्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण मी पेशंटला द्यायचे. टाकीचा व्हॉल्व्ह जरा जास्त बंद केला तर खालच्या घराला पाणी येतं, वरच्या मजल्याचा नळ कोरडा. गोळी तो व्हॉल्व्ह आहे आणि डोकं हा आपला वरचा मजला. तरुण माणूस उठून उभा राहिला की शरीर लगेच जोर लावून रक्त वर चढवतं. म्हाताऱ्या शरीराला तो जोर लावायला वेळ लागतो, त्यात गोळी जास्त झाली की डोळ्यांपुढे अंधारी आणि माणूस खाली. म्हणून साठीच्या पुढचं कोणी आलं की मी दोनदा मोजायचे. एकदा बसवून. मग उभं करून, तीन मिनिटं थांबून, पुन्हा. आमच्या पहिल्या डॉक्टरीणबाईंनी मला ही सवय लावली होती. रांगेतले लोक कुरकुर करायचे, म्हातारे वैतागायचे, पण "आता उभे राहा" हे मी सोडलं नाही.

हे सगळ्यांना पुरलं असं नाही. कितीतरी म्हातारी माणसं न्हाणीत, ओसरीवर पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेवरच संपली, आणि घरच्यांनी म्हटलं, वय झालं होतं. वय झालं होतं हे खरंच, पण त्यातली काही उठून चालली असती असं मला अजून वाटतं. ती आठवली की वाईट वाटतं. आता त्या गुरुजींकडे येते, त्यांना आपण तायडे गुरुजी म्हणू.

तायडे गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी काढली. पंचक्रोशीत त्यांनी न शिकवलेली माणसं म्हणजे मी आणि पोस्टात नवीन आलेले साहेब, एवढीच. सरपंच त्यांचा विद्यार्थी, एसटीचा कंडक्टर त्यांचा विद्यार्थी, न्हावी त्यांचा विद्यार्थी. शाळेत त्यांनी यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी बाकावर उभं केलेलं. त्याची परतफेड म्हणून की काय, आता गुरुजी जातील तिथे लोक उठायचे आणि गुरुजींना बसवायचे. बसमध्ये गर्दी असो, जागा मिळायची. किराणा दुकानात पोतं झटकून बसायला मिळायचं. गुरुजी फिरायला निघाले तरी चार ठिकाणी त्यांना खुर्ची यायची. गावात त्यांना कोणी उभंच राहू देत नव्हतं.

बिपीसाठी ते आमच्या केंद्रात यायचे नाहीत. खामगावला डॉक्टर प्रशांत म्हणून त्यांचा विद्यार्थी होता, त्याच्याकडे जायचे. पत्नी वारल्यापासून गुरुजी एकटेच राहायचे. शेजारच्या शांताबाई दोन्ही वेळची भाकरी द्यायच्या. मुलगा मिलिंद पुण्याला, कंपनीत मोठ्या जागेवर.

ही गोष्ट घडली त्या वर्षी आषाढ पौर्णिमेला गावच्या बुद्धविहारात वर्षावास सुरू झाला. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचन गुरुजी करायचे आणि वंदनाही तेच घ्यायचे. सगळे गुडघ्यांवर बसून त्रिसरण, पंचशील म्हणतात, तीन वेळा जमिनीला डोकं टेकवून प्रणाम करतात आणि मग उभं राहून सरणत्तय ही शेवटची गाथा म्हणतात. गुरुजी सगळ्यांच्या पुढे. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या प्रणामानंतर गुरुजी ताडकन उठले आणि तसेच बाजूला कोसळले. नशीब, पडले ते सतरंजीच्या गठ्ठ्यावर.

कोणीतरी मिलिंदला फोन केला. मिलिंद घाबरला, आणि घाबरलेला मुलगा बोलतो तसं ठामपणे बोलला, की बाबा, आता पुन्हा पडलात तर मी गाडी घेऊन येतो आणि तुम्हाला कायमचं पुण्याला नेतो. त्याचं चूक नव्हतं. इतक्या दूर राहायचं आणि प्रत्येक अनोळखी नंबरचा फोन उचलताना छातीत धस्स व्हायचं, हे सोपं नाही.

गुरुजींनी मग सोपा उपाय केला. पडायचं थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, सांगायचं थांबवणं होतं. ते विहारात जायचेच बंद झाले. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. वाचन दुसरा कोणीतरी अडखळत करू लागला आणि गुरुजी घरात बसून दात-ओठ खायचे.

हे मला शांताबाईंनी सांगितलं. एके दिवशी दुपारी केंद्रात येऊन त्या माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "बाई, गुरुजी परवा अंगनात पडले. मले शपथ घातली हाय, कोनाले सांगजो नको. म्हनून तुमालेच सांगून राह्यली."

दुसऱ्या दिवशी मी सर्वेक्षणाचं निमित्त करून मशीन घेऊन गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर ताठ बसलेले. शाळेतलं बोलणं ते अजून जपून होते, एकदम पुस्तकी. म्हणाले, "सिस्टर, माझी तपासणी खामगावला नियमित होते. प्रकृती उत्तम आहे." मी म्हटलं, सरकारी काम आहे, कागद भरावा लागतो. सरकारी कागदापुढे गुरुजी नरमले. बसून मोजलं, आकडा अगदी छान आला. पहिला नंबर आलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी मशीनकडे बघितलं.

"आता उभे राहा, गुरुजी."

चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर म्हटलं होतं, ऐकलं नव्हतं. आत्ताच तर मोजलं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ते बसलेल्या गुरुजींचं होतं, आता उभ्या गुरुजींचं मोजू. मी त्यांची विद्यार्थिनी असते तर ही जीभ रेटली नसती. शेवटी दंडाला पट्टा तसाच ठेवून ते उठले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला. हात कपाटाकडे गेला. मशीननं मघाच्या आकड्यातले चाळीस काढून टाकले होते. तीन मिनिटं कसली थांबते, मी त्यांना धरून लगेच खाटेवर आडवं केलं आणि पायांखाली उशी दिली.

जरा वेळानं रंग परत आला. गुरुजी छताकडे बघत होते. मग त्यांनी पुस्तकी भाषा सोडून दिली.

"सिस्टर, मले पुन्याले नाई जायचं," ते म्हणाले. "तिथं मी कोनाचाच गुरुजी नाई. लिफ्टमंदी लोक मले अंकल म्हनतात."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, तुम्ही गोळ्या कोणत्या घेता त्या दाखवा आधी.

त्यांनी कपाटातली खडूची जुनी पेटी दाखवली. आत तीन वेगवेगळी पाकिटं, नीट रबर लावून ठेवलेली. एक डॉक्टर प्रशांतची. एक पुण्याची, उन्हाळ्यात मिलिंदकडे गेले होते तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दिलेली, आणि ती संपायच्या आत मिलिंद न चुकता कुरिअरनं पाठवायचा. तिसरी गावात शिबिर झालं त्याची. शिबिर भरवणारा पुढारीही गुरुजींचाच विद्यार्थी, त्यानं स्वतःच्या हातानं गुरुजींना पाकीट दिलं होतं आणि फोटो काढला होता. पहिल्या दोन पाकिटांवर कंपन्यांची नावं वेगळी होती, आत औषध एकच. तिसरी लघवी वाढवणारी, शरीरातलं पाणी काढणारी. गुरुजी रोज सकाळी तिन्ही घेत होते.

मी विचारलं, तिन्ही कशासाठी? गुरुजींना प्रश्नच विचित्र वाटला. "एक विद्यार्थ्याची, एक मुलाची, एक गावाची," ते म्हणाले. "तिघांनीही प्रेमानं दिली. एकाची घ्यायची आन् दुसऱ्याची ठेवून द्यायची, हे काही बरं दिसते?"

बिपीच्या गोळ्या लोक चुकवतात, विसरतात, वाटून खातात, हे मी पाहिलं होतं. कोणाचं मन मोडू नये म्हणून तिन्ही घेणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. मनातल्या मनात मी त्यांना हातही जोडले आणि कपाळालाही हात लावला.

गोळ्या मी स्वतःच्या मनानं बंद केल्या नाहीत. असं कोणी करूही नये, एकदम सोडली की बिपी उसळी मारू शकतं. तिथूनच डॉक्टर प्रशांतना फोन लावला. ते हादरलेच. मी विचारलं, गुरुजींनी तुम्हाला सांगितलं नाही का? ते म्हणाले, "सिस्टर, मी दर वेळी विचारतो, गुरुजी, काय चाललंय? गुरुजी म्हणतात, उत्तम. त्यावर पुढे कसं विचारू?" त्यांनी शिबिराची गोळी आणि पुण्याची गोळी त्या दिवसापासून थांबवायला सांगितली, गुरुजींना फार उठबस करू देऊ नका म्हणाले आणि शनिवारी घेऊन या म्हणाले.

शनिवारी सकाळी गुरुजींच्या दारात मोठी गाडी उभी. मिलिंद आला होता, मागच्या सीटवर दोन रिकाम्या बॅगा. शांताबाई मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मिलिंदलाही शपथ घालूनच सांगितलं होतं. गुरुजी खुर्चीवर. मिलिंद कपाटातले कपडे काढायला लागला होता.

मी म्हटलं, मिलिंददादा, पुणे कुठे पळून जात नाही. आज खामगावला चला, मग ठरवा. त्याला ते पटलं नाही, पण नर्सनं ठासून सांगितलं की सुशिक्षित माणूसही ऐकतो, हा माझा अनुभव आहे. नांदुऱ्याच्या रस्त्यानं आम्ही निघालो. गुरुजी वाटेत एकदाच बोलले, रस्त्यावरच्या एका पाटीवरची वेलांटी चुकली म्हणून.

डॉक्टर प्रशांतांच्या दवाखान्यात काय झालं ते मी कधी विसरणार नाही. गुरुजी आत आल्याबरोबर डॉक्टर खुर्चीतून उठले, पाया पडले आणि गुरुजींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मग टेबलाच्या अलीकडे, पेशंटच्या बाजूला, हाताची घडी घालून स्वतः उभे राहिले. बाहेर वाट बघणारे लोक दारातून डोकावत होते, आज नेमका डॉक्टर कोण ते त्यांना कळेना. डॉक्टरांनी रक्त काढायला सांगितलं, सगळी औषधं बघितली, बसून बिपी मोजलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उभं करून मोजायचं आहे हे मला कळतं हो. पण गुरुजींना उभे राहा म्हणायला तोंड उघडत नाही. तुम्हीच म्हणा."

मी काही म्हणायच्या आतच गुरुजी खुर्चीचे हात धरून सावकाश उठले. डॉक्टरांकडे वर्गात बघावं तसं बघत म्हणाले, "प्रशांत, मोज. आन् यापुढं जो कोनी म्हातारा येईल त्याले उभा कर. तो कोनाचाबी गुरुजी असो."

डॉक्टरांनी मोजलं. दोन गोळ्या थांबवून आता चार दिवस झाले होते, तरी उभं राहिल्यावर आकडा खाली येत होताच, पण अंधारी येण्याइतका नाही. रक्तात मीठ कमी झालं होतं. मग मात्र डॉक्टर खरे डॉक्टर झाले. एकच गोळी ठेवली, तीही कमी ताकदीची, आणि पुण्याच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून त्यांनाही ते कळवलं. पाणी किती प्यायचं, जेवण कसं, दोन आठवड्यांनी परत कधी यायचं, सगळं गुरुजींना नीट बजावलं. गुरुजींची एकच तक्रार होती, की बसून मोजलेला आकडा आता पहिल्यापेक्षा जास्त येतो. पहिला नंबर गेला याचं त्यांना वाईट वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, या वयात आकडा जरा वर गेलेला चालतो. तुम्ही खाली गेलेलं चालत नाही."

परतताना गाडीतच तह झाला. वर्षावास संपेपर्यंत, म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंत गुरुजी पडले नाहीत तर ते गावातच राहतील. पडले तर बॅगा भरायच्या, वाद नाही. मिलिंदनं अट घातली की पडल्याचं लपवायचं नाही. गुरुजी म्हणाले, लपवणार नाही. शांताबाईंना शपथेतून मोकळं केलं, त्यांना त्याचा फार फरक पडला नाही. बॅगा मात्र मिलिंद गुरुजींच्या खाटेखाली ठेवून गेला.

मग आमची शिकवणी सुरू झाली, आणि यात शिक्षिका मी. खाटेवरून एकदम उठायचं नाही. आधी बसायचं, पायांचे पंजे वरखाली हलवायचे. मग उभं राहायचं आणि तिथंच थांबायचं. डोकं ठिकाणावर आहे याची खात्री झाली की मगच चालायला लागायचं. आणि प्रणामानंतर तर तीन टप्प्यांत. आधी गुडघ्यांवर बसून राहायचं, मग एक पाय पुढे घेऊन एका गुडघ्यावर, मग स्टूल धरून उभं. गुरुजी फार वाईट विद्यार्थी होते. मध्येच घाई करायचे, मी "पुन्हा" म्हटलं की गाल फुगवायचे. पण औषध कमी झाल्याचा परिणाम दिसत होता. चेहऱ्यावर तकाकी आली, बाजारातून ते पिशवी स्वतः आणू लागले. उभं करून मोजल्यावर आकडा जागचा फारसा हलत नव्हता.

विहारात मात्र जाईनात. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा खरं कारण निघालं. वंदना घेणारा माणूस पुढे. तो उठला की मागचे उठतात. "मी तिथं म्हशीसारखा तीन हप्त्यांत उठीन आन् मांगं अख्खं गाव उभं राहून माह्याकडं पाहीन," ते म्हणाले. "त्यापरीस घरी बरा." पडायची भीती गेली होती, लाजायची उरली होती. याच्यावर माझ्याकडे गोळी नव्हती. मी ही गोष्ट शांताबाईंकडे बोलून दाखवली, आणि वर सांगितलं की कोणाला सांगू नका.

आश्विन पौर्णिमा आली. मिलिंद आदल्या दिवशीच आला होता. शेवटच्या दिवशी तरी वंदना तुम्हीच घ्या म्हणून विहारातली मंडळी घरी बोलवायला आली, आणि गुरुजींना नाही म्हणता येईना. कोणाचं मन मोडायचं नाही ही त्यांची जुनी खोड या वेळी कामाला आली.

विहार भरलेलं होतं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी मुद्दाम बाजूला भिंतीशी बसले, धावता यावं म्हणून. मिलिंद माझ्या शेजारी. त्रिसरण झालं, पंचशील झालं. गुरुजींचा आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पहिला प्रणाम, दुसरा, तिसरा. गुरुजींनी डोकं उचललं आणि ते गुडघ्यांवर बसून राहिले. मी भिंतीला हात टेकून उठायच्या तयारीत राहिले. मिलिंदनं तर डोळेच मिटून घेतले.

मागे कोणी उठलं नाही. एरवी प्रणाम झाला की सतरंजी खसखसते, बांगड्या वाजतात, पोरं टुणकन उभी राहतात. त्या दिवशी सगळं विहार गुरुजींसारखंच गुडघ्यांवर बसून होतं. गुरुजींनी एक पाय पुढे घेतला. मागे सगळ्यांनी एक पाय पुढे घेतला. गुरुजींनी बाजूला ठेवलेल्या स्टुलावर हात ठेवला, तर मागच्यांनी शेजारच्याच्या खांद्यावर ठेवला, आणि सरपंचापासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळं गाव गुरुजींबरोबर सावकाश उभं राहिलं. शांताबाई पहिल्या ओळीत होत्या, एकदम साळसूद चेहऱ्यानं.

गुरुजींनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. पण ते गुरुजी होते. त्यांनी घसा साफ केला आणि सरणत्तय सुरू केलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. मी मात्र भिंतीकडे तोंड करून चक्क रडून घेतलं.

त्या विहारात आजही लोक तसेच उठतात. नंतर जन्मलेल्या पोरांना ती वंदनेचीच रीत वाटते. मागे बाहेरगावचे एक भन्तेजी आले होते, त्यांनी कौतुकानं विचारलं की ही पद्धत कुठून आली. गुरुजींनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, आरोग्य केंद्रातून.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद निघाला. खाटेखालच्या बॅगा काढून त्यानं रिकाम्याच गाडीत टाकल्या. शांताबाईंनी त्यात ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरली, रिकामी बॅग पाठवू नये म्हणून. मिलिंद वाकून पाया पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. गुरुजींनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "सावकाश जा. पोचला की फोन कर. मले इथं काळजी लागते."

गाडी निघाली. शेजारच्या दुकानातून कोणीतरी सवयीप्रमाणे गुरुजींसाठी खुर्ची घेऊन आला. गुरुजींनी ती हातानंच नको म्हटली आणि चौकटीला न धरता दारात उभे राहिले, गाडी शाळेवरून वळेपर्यंत, आणि वळल्यावरही. मी सवयीनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.